मांजराचं नाव अजून ठरलं नाही

१५ मार्च

घरी आले की वहीची गरज उरणार नाही, असं वाटलं होतं. सिंगापूरला नऊ वर्षं दुसऱ्यांच्या घरी कामाला होते, तिथे स्वयंपाकघरामागच्या खोलीत बोलायला कोणी नसायचं, म्हणून लिहायची सवय लागली. इथे फिलिपिन्समध्ये, आमच्या दुमांगासला, घरात दोन माणसं आहेत. तरी आज पाचव्या दिवशी वही काढलीच.

माझी लेक डॅनिका चौदा वर्षांची झाली. मी कामाला गेले तेव्हा पाच वर्षांची होती. मधे दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा पंधरा-पंधरा दिवस. तेव्हा माझ्या बॅगेभोवती नाचायची. आता नाचत नाही. विचारलं तर उत्तर देते, पण विचारलं तेवढंच. माझ्या आईला ती ‘आई’ म्हणते आणि मला ‘मम्मी’. म्हणजे घरात आम्ही दोघी एकाच बाईला आई म्हणतो. अंगणातून ‘आई’ अशी हाक आली की मी वळून बघते, आणि मग उगाच पातेल्यात ढवळल्यासारखं करते.

आज शाळेतून येताना तिने मांजरीचं पिल्लू आणलं. मासळीबाजाराच्या मागे सापडलं म्हणे. अंगावर तांबूस, काळे, पिवळट असे सगळे डाग, जणू कुणी ब्रश झटकलाय. आई म्हणाली, “आणखी एक तोंड. मला नको.”

डॅनिका माझ्याकडे बघत उभी राहिली. पाच दिवसांत पहिल्यांदाच तिने माझ्याकडे काही मागितलं होतं.

“राहू दे गं आई,” मी म्हटलं.

“राहू दे म्हणायला तुझं काय जातंय? तू गेल्यावर घाण कोणी काढायची?”

मी जाणार की नाही हे अजून मलाच माहीत नाही. एजन्सीच्या बाईंना तीस एप्रिलपर्यंत कळवायचं आहे. नवा करार दोन वर्षांचा. तिकडच्या घरच्या मॅडमचे मेसेज येतात, त्यांच्या मुलीची, शिन-यीची, यंदा मोठी परीक्षा आहे, तुझ्याशिवाय ती धड जेवत नाही. शिन-यी मी गेले तेव्हा तीन वर्षांची होती, बाटलीने दूध प्यायची.

१६ मार्च

मी डॅनिकाला म्हटलं, आपण दोघी मिळून नाव ठेवू या. ती म्हणाली, “खायच्या वस्तूचं हवं. माझ्या वर्गात सगळ्यांच्या मांजरांची तशीच नावं आहेत.” एकीचा बोका पानदेसाल, म्हणजे पाव; एकीची मांजर लुंपिया, म्हणजे तळलेला रोल.

मला लगेच आमचा नाताळचा तांदूळ-खोबऱ्याचा केक सुचला. “बिबिंका! किती आवडायची तुला. नाताळात मी चुलीवरून काढायच्या आधी तू ताटली घेऊन बसायचीस.”

“कधी?”

“चार वर्षांची होतीस.”

“मला खोबरं चालत नाही. उलटी होते.”

मी आईकडे बघितलं. आई मासे साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, “सात वर्षांची असल्यापासून. अंगावर पित्त उठतं.”

मला कुणी सांगितलं नव्हतं. की फोनवर सांगितलं होतं आणि मी विसरले? गेल्या नाताळात मी पाठवलेल्या खोक्यात खोबऱ्याच्या वड्यांची तीन पाकिटं होती. ती कुणी खाल्ली, हे विचारायचा धीर झाला नाही.

२० मार्च

आज तिघी हसलो, म्हणून लिहून ठेवते.

डॅनिका म्हणाली, “सियोपाओ ठेवू या.” सियोपाओ म्हणजे वाफवलेला पाव, आत मांसाचं सारण. आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असलेला विनोद आहे, की स्टँडवरच्या सियोपाओत मांजर असतं.

आई म्हणाली, “ठेव. म्हणजे हाक मारलीस की ती आरशात तोंड बघेल, मी आहे की गेले म्हणून.”

आई हे इतकं गंभीरपणे म्हणाली, की डॅनिका हसता हसता बाकावरून घसरली. मीही डोळे पुसले. मग आमची नजरानजर झाली आणि तिचं हसू हळूहळू ओसरलं, एखाद्या परक्या पाहुण्यासमोर जरा जास्तच हसलं गेलं की ओसरतं तसं.

नाव ठरलं नाही. “बिचारीला भीती वाटेल,” असं तिचं म्हणणं.

२६ मार्च, रविवार

चर्चहून आलो तर डॅनिकाने आपल्या कपाटातला एक खण रिकामा केलेला दिसला. स्वतःचे कपडे कोंबून कोंबून खाली घातले होते. मांजरीसाठीच असणार. किती माया लावलीय! मी एक जुना टॉवेल घडी करून त्यात अंथरला. मांजर लगेच जाऊन झोपलीसुद्धा.

डॅनिका आली, खणात बघितलं. मी म्हटलं, “बघ, आवडली तिला जागा.” ती म्हणाली, “हं.”

माझी बॅग अजून पलंगाखालीच आहे. रोज लागेल तेवढं काढते. कपडे ठेवायला जागाही कुठे आहे?

२ एप्रिल

आजचं मला कळलंच नाही. जसं झालं तसं लिहिते.

सकाळी पाव भाजताना मला फार सुंदर नाव सुचलं. काया. नाव कसं गोड आहे! डॅनिकाने विचारलं, “काया म्हणजे काय?” मी सांगितलं, सिंगापूरला पावाला लावतात, अंड्याचा मुरंबा म्हण ना, रंग अगदी या मांजरीच्या पाठीसारखा. शिन-यीला त्याशिवाय सकाळ होत नाही. पावाच्या कडा कापायच्या, चार त्रिकोण करायचे, काया लावायचा, आणि एक त्रिकोण मी आधी खाऊन दाखवायचा. मग ती खाणार. एकदा मला ताप होता, तर ती डबा तसाच परत घेऊन आली. हे सांगताना मला हसू येत होतं. बोलत सुटले मी, बरंच बोलले असेन.

“त्यात खोबरं असतं?” डॅनिकाने विचारलं.

तेव्हा आठवलं, नारळाच्या दुधातच तर करतात. “असतं थोडं,” मी म्हटलं. “पण नावाला काय होतंय? नावाने थोडंच पित्त उठतं?”

“कडा कापून द्यायचीस?” तिने विचारलं.

“हो. लहान आहे ना ती.”

“बारा वर्षांची लहान?”

मग उठली आणि मांजरीला घेऊन अंगणात गेली. नाव वाईट नव्हतं. आईने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी काही सांडलंय. “काय झालं?” मी विचारलं. आई म्हणाली, “काही नाही. पाव करपतोय बघ.”

४ एप्रिल

डॅनिका दोन दिवस पावाच्या कडा ताटात टाकतेय. मधलं खाते आणि चारही कडा नीट रांगेत लावून ताट माझ्यापुढे सरकवते. याआधी कधी अशी खात नव्हती. आज मी रागावले. म्हटलं, “अन्न टाकू नये. एवढी मोठी झालीस.” ती म्हणाली, “हो ना. मोठीच झालेय.” कडा मांजरीने खाल्ल्या.

या वयाच्या मुलींशी कसं बोलतात, ते आईला विचारायला हवं. पण मग एकोणिसाव्या वर्षी, डॅनिका पोटात असताना, आई मला काय काय म्हणाली होती, ते सगळं पुन्हा ऐकावं लागेल.

१३ एप्रिल

नगरपालिकेच्या मैदानात कुत्र्यामांजरांना रेबीजची लस देत होते. मांजरीला तांदळाच्या पोत्यात घालून नेलं, डोकं तेवढं बाहेर. रांगेत सगळी कुत्री, त्यामुळे ती पोत्यातच थरथरत होती. डॅनिकाने पोतं कुशीत घेतलं आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलत राहिली. मी दोनदा नीट ऐकायचा प्रयत्न केला, पण माझी चाहूल लागली की गप्प.

टेबलावरच्या माणसाने विचारलं, “नाव?”

“अजून ठरलं नाही,” डॅनिका म्हणाली.

“महिना झाला की,” मी म्हटलं. “काहीतरी सांग. मग बदलू.”

“नाव असं बदलत नाहीत मम्मी. एकदा ठेवलं की ती आपली होते. मग सोडून चालत नाही.”

त्या माणसाला घाई होती. त्याने कार्डावर ‘मांजर’ असंच लिहिलं. कार्डावर पुढच्या लसीची तारीख होती, पुढच्या वर्षीचा एप्रिल. परत येताना डॅनिका ते कार्ड हातात धरून चालत होती. मधेच म्हणाली, “पुढच्या वेळी पोतं नको. टोपली आणू. तू असशील का?”

मी म्हटलं, “बघू.”

बघू! घरी येईपर्यंत तोच शब्द तोंडात खडे चावल्यासारखा वाटत राहिला. नऊ वर्षं फोनवर मी तेच तर म्हणत आलेय. वाढदिवसाला येशील? बघू. शाळेच्या नाटकाला? बघू.

१८ एप्रिल

डॅनिका शाळेत गेल्यावर आईशी बोलले. म्हटलं, मला वाटतं मी गेलेलंच बरं. ती मला काही सांगत नाही. तिला माझी गरज दिसत नाही. तिकडे निदान एक मूल माझी वाट बघतंय.

आई कपडे पिळत होती. पीळ देत देतच म्हणाली, “जा मग. नऊ वर्षं काढली, आणखी दोन काढू.”

“रागावून बोलू नकोस.”

“रागावू नको तर काय करू? ती मला आई म्हणते ते मी शिकवलेलं नाही. पहिली दोन वर्षं मी तिला दटावलं, आजी म्हण, आजी म्हण. एक दिवस म्हणाली, सगळ्यांच्या घरी एक आई असते. मग मी दटावणं सोडलं. आता तू आलीस. मला वाटलं, ती तुला बिलगेल आणि माझं काय होईल? खोटं कशाला बोलू, दोन रात्री झोप नव्हती मला. पण ती बिलगत नाही हे बघून जास्त वाईट वाटतं.”

आईचे हात लाल झाले होते. मी उरलेले कपडे पिळायला घेतले.

मग आई म्हणाली, “तू तिला काय आवडतं, हे विचारत नाहीस. काय आवडायचं, ते सांगत बसतेस.”

२१ एप्रिल

ग्विमारास बेटावरून निरोप आला, धाकटी मावशी घसरून पडली. आई सकाळच्या बोटीने गेली, चार-पाच दिवस राहील. जाताना डॅनिकाला सतरा सूचना दिल्या आणि मला एकच: “कोळसे मोरीच्या बाजूला आहेत.” त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

म्हणजे आता आम्ही दोघीच. आणि मांजर.

२३ एप्रिल

अर्थ आज लागला. सकाळी नऊला वीज गेली. दुपारपर्यंत येणार नाही असं शेजारी म्हणाले. भाताचा कुकर विजेचा आणि गॅस संपलेला. मग अंगणातल्या चुलीवर कोळसे पेटवले. नऊ वर्षं मी बटण दाबून भात केला. दिवा लाल, दिवा पिवळा, भात तयार. आता पातेलं चढवलं, वारा घातला, आणि मासे तळायच्या नादात विसरले.

वास आला तेव्हा उशीर झाला होता. वरचा भात कसाबसा ठीक, पण खाली बोटभर जाड थर काळपट होऊन पातेल्याला घट्ट बसलेला. मला रडूच फुटलं. म्हणजे भातासाठी नव्हे. दोन दिवस मिळाले होते, त्यात हे. मी पातेलं पाणी घालून भिजत टाकायला निघाले.

“थांब!” डॅनिका पायऱ्यांवरून ओरडली. धावत आली, पातेलं माझ्या हातातून घेतलं. “पाणी घालू नको. वाया जाईल.”

“अगं करपलाय तो.”

“दुकोट आहे!”

तळाशी लागलेल्या भाताच्या खरपुडीला आम्ही दुकोट म्हणतो. तिने लोखंडी पळी आणली, जमिनीवर बसली, पातेलं दोन पायांत धरलं आणि खरवडायला लागली. ओठांवरचे घामाचे थेंब फुंकरीने उडवत. एक मोठा तुकडा निघाला, त्यावर चिमूटभर मीठ टाकलं आणि कुरुमकुरुम खाल्ला. डोळे मिटून.

“आई कधी करपवतच नाही,” ती तक्रारीच्या सुरात म्हणाली. “किती वेळा सांगितलं. म्हणते, लोक काय म्हणतील. मला जगात सगळ्यात जास्त हेच आवडतं.”

मी तिच्यासमोर बसले. तिने मला एक तुकडा दिला. कडू होता, जळका होता, आणि खरंच चांगला होता. मांजर आली, पातेल्यात डोकं घातलं आणि काळं नाक घेऊन बाहेर आली. पाठीवरचा रंग आणि पातेल्याचा तळ अगदी एकच. डॅनिका आधी मांजरीकडे बघत राहिली, मग पातेल्याकडे, मग माझ्याकडे.

“दुकोट,” ती म्हणाली.

मांजरीने कान फिरवला.

“दुकोट म्हणजे चिकटलेलं,” मी म्हटलं. “चांगलं नाव आहे. पण आधी एक विचारू? तू तिला हे नाव ठेवलंस तर...”

“तू जाणार आहेस का?” तिने विचारलं. पळी हातातच होती. “मला खरं सांग. बघू म्हणू नकोस. जाणार असशील तर मी तिला नाव नाही ठेवणार. आईच्याने आम्हा दोघींचं होत नाही. तिचे गुडघे दुखतात, तुला ती सांगत नाही. मी शाळेत असते. मग मांजरीला मासळीबाजारात परत सोडावं लागेल. म्हणून मी नाव ठेवत नव्हते.”

मी म्हटलं, “नाही जाणार.”

म्हटल्यावर मला कळलं की हे मी ठरवलंय. आधी बोलले, मग ठरलं. डॅनिकाने मान हलवली, जशी दुकानात हिशेब बरोबर लागल्यावर हलवतात, आणि पुन्हा खरवडायला लागली. गळ्यात पडली नाही, रडली नाही. फक्त पातेल्यातला शेवटचा मोठा तुकडा तिने तीन भागांत मोडला.

२६ एप्रिल

आई आली. तिला सांगितलं. ती आंब्यांची पाटी उतरवत म्हणाली, “धक्क्यावरच्या खानावळीत बाई हवीय. बोटीत बसताना विचारून ठेवलं होतं.” म्हणजे जातानाच! खानावळवाल्या बाईंनी मला सोमवारी बोलावलंय. नाश्त्याला लापशी आणि तळलेली अंडी, दुपारी भात-मासे. भात तिथे मोठ्या हंड्यात, चुलीवर करतात. मला धडकी भरलीय.

मांजरीचं नाव ऐकून आई म्हणाली, “लोक काय म्हणतील?”

डॅनिका आणि मी एकदम हसलो. आईला कारण कळलं नाही.

२९ एप्रिल

एजन्सीला काल सांगितलं. मॅडमना आज दुपारी व्हिडिओ कॉल केला. कठीण गेलं. त्या वाईट माणूस नाहीत. म्हणाल्या, “ठीक आहे, पण शिन-यीला तूच सांग.” आणि फोन तिच्या हातात दिला.

शिन-यीचे केस कापलेत. कुणीतरी कानाच्या वर फार आखूड कापलेत. मी सांगितलं. ती रडली नाही. तिने विचारलं, “आंटी, मी काही चुकीचं केलं का?”

नऊ वर्षं मी तिला जेवू घातलंय, न्हाऊ घातलंय, तापात थोपटलंय. ती माझी नाही, हे मला रोज माहीत होतं. तिला कुणी सांगितलं होतं का? मी फोन धरून नुसती बसले.

डॅनिका पायरीवर मांजरीला विंचरत होती. तिने सगळं ऐकलं असणार. ती आली, माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि मांजर पडद्यासमोर धरली.

“हॅलो. ही दुकोट,” ती तिच्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली.

शिन-यीने नाक ओढलं. “दुकोट म्हणजे काय?”

“भाताच्या खालचं करपलेलं.”

“करपलेलं? कुणी करपवलं?”

“मम्मीने.”

“आंटी कधीच भात करपवत नाही.”

“इथे करपवते,” डॅनिका म्हणाली. केवढा तोरा होता आवाजात. एखादीने नवा झगा दाखवावा तसा. मग समोरच्या पोरीचा चेहरा बघून तिचा आवाज जरा खाली आला. “तू कधी खाल्लं नाहीस? मीठ लावून?”

“आमच्याकडे कुकर आहे. त्यात लागत नाही भात.”

“मग पातेल्यात कर. तुझ्या मम्मीला सांग.”

“मम्मीला येत नाही.”

डॅनिकाने क्षणभर विचार केला. मांजर माझ्या मांडीवर टाकली आणि फोन खांबाला टेकवून ठेवला. “बरं, ऐक. सोपं आहे. तांदूळ धुवायचे. वरून पाणी. बोट असं तांदळावर टेकवायचं, पाणी पहिल्या पेरापर्यंत. हे बघ, इथपर्यंत.” तिने आपलं बोट पडद्यापुढे धरलं.

पलीकडून शिन-यीने आपलं बोट वर केलं. अंगठ्याच्या नखाने पेर दाबून दाखवलं. “इथे?”

“तिथेच.”

शिन-यीची बोटं फार लहान आहेत, वयाच्या मानाने. तिच्या पेराच्या मापाने पाणी कमी पडणार. भात खाली लागणार, नक्की. मी सांगायला तोंड उघडलं, आणि मग नाही सांगितलं.